साडेपाच बाय साडेआठ

कादंबरी लिहायची ठरली की पहिल्या दिवशी काय होतं, तर पेज सेटप होतो. नायिकेचं नाव सुचलेलं नसतं, गाव कोकणातलं घ्यायचं की देशावरचं तेही नक्की नसतं, पण आतला समास पाऊण इंच की एक इंच यावर मात्र आपलं मत एकदम ठाम. घरातलं कुणी येऊन स्क्रीनकडे बघून गेलं तर "लिहितेय ना" म्हणायची सोय होते, फाइल तर उघडी आहेच. याला लोक टाळाटाळ म्हणतात, आणि ती आहेच, पण माझं म्हणणं असं की त्या सगळ्या खटाटोपात एक गोष्ट खरंच कामाची असते, ती म्हणजे पानाचा आकार. बाकी हौस.

आपल्याकडे नवी फाइल उघडली की बहुतेक वेळा समोर येतो ए-फोर. 210 बाय 297 मिलिमीटर, म्हणजे रजेचा अर्ज, सोसायटीची नोटीस आणि भाडेकराराची झेरॉक्स यांचा कागद. त्यावर कादंबरी लिहायला बसलं की वाक्यं पण जरा अर्जासारखीच यायला लागतात असा माझा संशय आहे, पण ते सोडा. मुद्दा असा की मराठी कादंबरी हातात येते ती बहुतेक डेमीमध्ये, साडेपाच बाय साडेआठ इंच. तर साइझमध्ये जाऊन हे आकडे टाकायचे, आतला समास पाऊण इंच, बाहेरचा थोडा कमी, आणि मग गंमत बघायची. ए-फोरवर वीस ओळींचं जे पावसाचं वर्णन आटोपशीर वाटत होतं ते डेमीवर तीस ओळींचं होतं, आणि डेमीच्या पानात ओळी मावतात साधारण 28, म्हणजे अख्खं पान पाऊस पडून वर दोन ओळी पुढच्या पानावर गळतायत. तेव्हा कळतं की हे जरा जास्तच झालंय. संवादाचं उलटं. "जेवलास?" "हो." "मग?" असलं काही ए-फोरवर लिहिलं की उजवीकडे एवढी पांढरी जागा उरते की आपल्यालाच कसंतरी होतं आणि आपण उगाच "तो खिडकीबाहेर बघत म्हणाला" वगैरे भर घालत बसतो, तेच डेमीवर अगदी सहज दिसतं. शिवाय पानं जवळजवळ दुप्पट होतात, चाळिसाची ऐंशी, एक अक्षर न लिहिता. हा आनंद खोटा आहे हे माहीत असून घ्यावा.

मग फॉण्ट. मराठीत लिहिणाऱ्याची खरी परीक्षा इथे असते. वर्ड काय किंवा लिबरऑफिस काय, देवनागरीला वेगळ्या कप्प्यात ठेवतात, एकात त्या कप्प्याचं नाव कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट, दुसऱ्यात सीटीएल, आणि स्टाईलमध्ये नेहमीच्या रकान्यात साइझ 14 केला तर इंग्रजी अक्षरं मोठी होतात, मराठी ढिम्म. ज्याला तो दुसरा रकाना सापडला त्याचं अर्धं काम झालं. मंगल हा विंडोज 2000 पासून सगळ्यांच्या ओळखीचा, अक्षररचनाकार र. कृ. जोशींनी केलेला, स्क्रीनवर वाचायला उत्तम, पण तो दोन ओळींत जागा फार खातो. म्हणून लोक ओळींमधलं अंतर 'एक्झॅक्टली' वर टाकून आवळतात, आणि मग 'सर्वांचीं' मधला रफार वरून छाटला जातो आणि 'राष्ट्रू' मधला उकार खालून. असला शब्द कोण लिहिणार म्हणा, पण 'मूर्तीं'ना तरी वाचवायला हवंच ना. मला टिरो देवनागरी मराठी आवडतो, त्याची हिंदी आणि संस्कृत भावंडं वेगळी आहेत, आणि मराठीत आपला पाकळीवाला ल, देठवाला श नीट येतो. 2009च्या शासन निर्णयात हेच ल आणि श मराठीचे म्हणून सांगितलेत, तर निदान कादंबरीत तरी ते असावेत. बारा पॉइंट, अंतर दीडपट, पुढे जा.

जस्टिफाय, म्हणजे ओळींच्या दोन्ही कडा सरळ, मात्र करू नका, निदान लिहिताना तरी. डेमीची ओळ आधीच अरुंद, त्यात आपले 'शेजारच्यांच्याकडूनसुद्धा' सारखे शब्द, ते तुटत तर नाहीत, मग अख्खा शब्द खालच्या ओळीत उडी मारतो आणि वरची ओळ दात पडलेल्या दुसरीतल्या पोरासारखी हसायला लागते. डावीकडे सरळ, उजवीकडे वेडंवाकडं, चालतंय.

मिरर मार्जिन म्हणजे समोरासमोरच्या पानांना आरशातल्यासारखे उलटे समास, सम-विषम पानांना वेगळं हेडर, प्रत्येक प्रकरण उजव्या पानावर सुरू व्हावं म्हणून ऑड पेज सेक्शन ब्रेक, हे सगळं मी पण हौसेनं करते, पण यातलं काहीही टिकत नाही. प्रकाशकाकडे फाइल गेली की अक्षरजुळणी करणारे ती उचलून इनडिझाइन या पानं मांडायच्या सॉफ्टवेअरमध्ये ओततात, पुस्तक सोळा पानांच्या फॉर्मात, म्हणजे एकत्र छापून दुमडायच्या गठ्ठ्यात, बसवायचं असतं, तिथे तुमच्या कोऱ्या डाव्या पानांचे लाड कोण करणार. पूर्वी तरी लेखकाला एवढंच सांगायचे की कागदाच्या एकाच बाजूला लिहा, अक्षर सुवाच्य असू द्या आणि डावीकडे समास सोडा, आणि त्यात मोठमोठ्या कादंबऱ्या झाल्या, त्यातल्या कित्येक ऑफिसच्या पाठकोऱ्या कागदांवर. आताही प्रकाशकांना हवं असतं ते साधंच, युनिकोडमधला मजकूर आणि प्रकरणांच्या नावांना हेडिंग वन ही स्टाईल. ते हेडिंग आपल्यालाही लागतं, कारण बाजूच्या नॅव्हिगेशन पट्टीत सगळी प्रकरणं दिसतात आणि सातवं उचलून तिसऱ्याच्या आधी नुसतं ओढून नेता येतं. एंटर दाबत दाबत नवं पान गाठणाऱ्यांना मात्र कंट्रोल-एंटर शिकवा कुणीतरी, वर एक वाक्य वाढलं की खालची सगळी प्रकरणं सरकतात त्यांची.

आणि एक. खर्डा पूर्ण झाला की फाइलची एक कॉपी ए-फाइव्हमध्ये करायची, तो डेमीच्या अगदी जवळचा आकार आणि ए-फोरचा बरोबर अर्धा, म्हणजे आडव्या ए-फोरवर दोन पानं शेजारी शेजारी बसतात. झेरॉक्सवाल्याला सांगायचं की पानं लहान करू नको, 100 टक्क्यांवरच काढ, नाहीतर बाराचं अक्षर दहाचं होऊन येतं. बाहेरचा समास या कॉपीत चांगला इंचभर ठेवते मी, "हा इतका वेळ कुठे होता?" एवढं पेनानं लिहायला मावलं पाहिजे, कारण दहाव्या प्रकरणात मामा परत येतात तेव्हा ते लिहावंच लागतं.