बारावीनंतर घरची शेती

मी कंपन्यांना हेल्पर पुरवते. पोरांची पदवी लपवणं हा माझ्या कामाचा भाग आहे, हे बाहेरच्यांना पटत नाही. जळगाव एमआयडीसीत पाइप, चटई, डाळ मिल, कुठेही हेल्पर लागले की कंपनीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर तोच मेसेज येतो: दहावी-बारावी, वय 18 ते 28, वजन 50 च्या वर, ग्रॅज्युएट नको. ग्रॅज्युएट पोरगं सरकारी भरतीची जाहिरात निघाली की पळतं, आणि टिकलंच तर पगाराची स्लिप वाचतं. दुसरं कारण कुणी बोलून दाखवत नाही.

पदवी गाळणं सोपं, पण पोरगा 23 चा असेल तर मधली वर्षं घालायची कुठे? मी फॉर्मवर लिहिते, ‘बारावीनंतर घरची शेती’. खानदेशात कोण शंका घेणार? या एका ओळीवर मी कितीतरी जॉइनिंग काढल्यात. खरं सांगायचं तर तिचा जरा अभिमानच होता.

दिवाळीनंतरची गोष्ट. 14 जणांची बॅच. पूर्वी पीएफचा नवा यूएएन, म्हणजे कामगाराचा कायमचा पीएफ नंबर, मी आधार नंबर टाकून ऑफिसात बसल्या बसल्या काढायचे. 2025 च्या ऑगस्टपासून सरकारच्या उमंग अ‍ॅपवर पोराला स्वतःचा चेहरा दाखवावा लागतो. म्हणजे सकाळी साडेसातला कंपनीच्या गेटवर एकेकाला उजेडाकडे तोंड करून उभं करायचं. टोपी काढ, डोळे मिचकाव, हलू नको. नेट गेलं की पुन्हा पहिल्यापासून. नियम करणाऱ्यांनी एकदा तरी असं गेटवर उभं राहून बघावं.

अमळनेरकडच्या एका मुलाबरोबर त्याचे वडील आले होते. पांढरी टोपी, हातात कापडी पिशवी. मी सातव्या पोराचा चेहरा धरत होते, तेवढ्यात कंपनीचे एचआर साहेब फॉर्म चाळत बाहेर आले. माणूस वाईट नाही. सहज विचारलं, “काका, पोरगा इकडे आल्यावर शेती कोण बघणार?”

“तो कुठे बघतो साहेब? वावरात पायसुद्धा ठेवू दिला नाही मी त्याले. पोऱ्या बी.एस्सी. शे!”

आणि पिशवीतून उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची पदवी काढली. लॅमिनेशन केलेली, एका कोपऱ्यात हवेचा फुगा राहिलेला. मुलगा खाली बघत होता.

साहेबांनी आधी फॉर्म पाहिला, मग मला. “मॅडम, बाकीच्या तेरांचेही कागद बघू का?”

त्या तेरांत अजून तिघं ग्रॅज्युएट होते. मी पेन काढलं आणि त्या मुलाचं नाव स्वतःच कापलं. बाकीचे आत गेले.

तेव्हा मनात आलं, बापालाही पढवून ठेवायला हवं होतं. पहिलं हेच आलं, आणि ते अजून टोचतंय.

वडील जवळ आले. “ताई, कोणता कागद कमी पडला?”

मी म्हटलं, “कागद नाही काका. वजन कमी भरलं.”

त्यांनी पदवी परत पिशवीत ठेवली, पोराच्या दंडाला हात लावून पाहिला. “हॉस्टेलवर खाणं नव्हतं धड,” म्हणाले. “कपाशी वेचून होऊ द्या. परत आणतो त्याले.”