गिब्सन सरांचं अजमेर

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून दे असा आमच्या बॅचच्या ग्रुपवर मेसेज पडला तेव्हाच ठरवून टाकलं की लिहायचं तर गिब्सन सरांवरच. अजमेरच्या आपल्या बोर्डिंग शाळेला, मेयो कॉलेजला, 150 वर्षं झाली, अलवरचे महाराज मंगलसिंग 1875 साली पहिले विद्यार्थी म्हणून हत्ती-उंट-घोडे घेऊन वाजतगाजत आले होते, आपल्या शाळेचं बोधचिन्ह लेखक रडयार्ड किपलिंगचे वडील, चित्रकार लॉकवूड किपलिंगनी काढलं, हे सगळं या अंकात कुणीतरी लिहीलच आणि लिहायलाच पाहिजे. पण माझ्यापुरतं विचाराल तर मेयो म्हणजे जॅक गिब्सन. 1954 ते 1969 ते आपले प्रिन्सिपल होते आणि माझी शाळेची सगळी वर्षं त्यातच गेली, हे माझं भाग्य.

मी कोल्हापूरचा. वडील फौजेत, सारख्या बदल्या, शाळा बदलून बदलून पोराचं नुकसान होतंय म्हणून मला अजमेरला बोर्डिंगमध्ये घातलं. पहिली टर्म फार जड गेली. हिंदी मोडकीतोडकी, इंग्रजी त्याहून कमी, जेवायला रोज चपाती आणि कुठलीतरी डाळ, आणि रात्री दिवे गेले की आईची आठवण. एका रविवारी दुपारी मेन बिल्डिंगसमोर उभा राहून क्लॉक टॉवरकडे बघत होतो तर मागून सर आले, काय बघतोयस म्हणून विचारलं. जमेल तशा इंग्रजीत सांगितलं की आमच्या गावात नवा राजवाडा आहे, त्यालाही असाच घड्याळाचा टॉवर आहे, असेच घुमट आहेत, फक्त तो काळ्या दगडाचा आहे आणि हा पांढरा. दुसरं कुणी असतं तर हो का, छान, म्हणून पुढे गेलं असतं. सर थांबले. खिशातून कागद पेन्सिल काढली आणि मला दिली, काढून दाखव म्हणाले. तिथेच पायरीवर बसून मी राजवाडा काढला, टॉवर, कमानी, समोरचं मैदान, जेवढं आठवत होतं तेवढं सगळं. ते शेजारी बसून बघत होते, मधेच विचारत होते की कमान इथे की इथे, घड्याळ कितव्या मजल्यावर. एवढ्या मोठ्या शाळेचा प्रिन्सिपल रविवारी दुपारी एका अकरा-बारा वर्षांच्या पोराबरोबर पायरीवर बसलाय हे आज मला जास्त कळतं, तेव्हा नुसतं बरं वाटलं होतं.

गोष्ट तिथेच संपली नाही. थोड्या दिवसांनी मला ऑफिसात बोलावलं. पोटात गोळा आला, पण आत गेलो तर टेबलावर माझं चित्र आणि शेजारी एक जाडं पुस्तक. सरांनी शोधून काढलं होतं की दोन्ही इमारतींचा आर्किटेक्ट एकच, मेजर चार्ल्स मँट. बडोद्याच्या लक्ष्मीविलास पॅलेसचं डिझाइनही त्याचंच. कोल्हापूरचा राजवाडा 1884 ला पुरा झाला, आपली मेन बिल्डिंग 1885 ला, आणि मँट त्याआधीच 1881 ला वारला, म्हणजे दोन्हीपैकी एकही पुरी झालेली बघायला तो राहिला नाही. हे सगळं सरांनी मला नीट समजावून सांगितलं, आणि त्या दिवसापासून मला अजमेर परकं वाटलं नाही. ज्या माणसानं आमचा राजवाडा उभा केला त्याच माणसाच्या इमारतीत मी शिकत होतो ना! पुढे इंजिनियरिंगला गेलो, पाटबंधारे खात्यात आयुष्य काढलं, धरणांच्या कामांवर राहिलो, त्याचं मूळ मी त्या पायरीवरच धरतो.

नव्या पोरांना सरांची बाकीची माहिती असेल नसेल म्हणून थोडक्यात सांगतो. जन्म 1908 चा, शिक्षण इंग्लंडमध्ये हेलीबरी आणि केंब्रिजला. 1937 साली डेहराडूनच्या डून स्कूल या बोर्डिंग शाळेत शिकवायला आले आणि मग भारत सोडलाच नाही. आमच्या पुण्याच्या लोकांना एक गोष्ट मी मुद्दाम सांगतो. खडकवासल्याची एनडीए, म्हणजे लष्करी अधिकारी घडवणारी राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आधी डेहराडूनला होती, जॉइंट सर्व्हिसेस विंग नावानं, आणि तिथे सुरुवातीला प्रिन्सिपल होते आमचे गिब्सन सर. सिंहगड रोडनं जाताना सोबत कोणी असलं की मी हे सांगितल्याशिवाय राहत नाही. 

मेयोला आले तेव्हा संस्थानं विलीन झालेली, राजपुत्रांसाठी काढलेली शाळा, पुढे तिचं करायचं काय हाच प्रश्न होता. सरांनी तिची सगळ्यांची शाळा केली. फौजी, डॉक्टर, व्यापारी, सगळ्यांची पोरं राजेरजवाड्यांच्या पोरांच्या बरोबरीनं एका रांगेत उभी राहायला लागली. माझ्या शेजारच्या पलंगावरचा मुलगा मोठ्या ठिकाण्याचा, म्हणजे राजस्थानातल्या जहागीरदाराच्या घरचा होता आणि दोघांनी आपापले बूट आपणच पॉलिश करायचे. फेटा-अचकन सणासमारंभाला होतीच, ती शान सरांनी काढून घेतली नाही, पण साफा बांधून झाल्यावर अजमेरच्या डोंगरावरचा तारागड किल्ला चढायचा तो सगळ्यांनी पायीच.

आणि डोंगर! तेनसिंग एव्हरेस्टवर जायच्या कितीतरी आधी सर त्याच्याबरोबर हिमालयातल्या बंदरपूंछ शिखराच्या मोहिमेवर गेलेले, 1937 ला आणि पुन्हा 1946 ला. 1955 साली काळानाग शिखरावर गेले तेव्हा ते मेयोचे प्रिन्सिपल होते. पुढे हिमालयन क्लबचे अध्यक्षही झाले. अशा माणसाकडून कंटूर मॅप, म्हणजे उंचीच्या रेषांचा नकाशा, वाचायला शिकलो आम्ही. नकाशावरच्या रेषा जवळ आल्या की चढ खडा, लांब गेल्या की दम खायला जागा, हे त्यांनी अरवलीत प्रत्यक्ष चालवून शिकवलं, त्यामुळे ते कधी पाठ करावं लागलं नाही. रिटायर झाल्यापासून मी आसपासच्या जिल्हा परिषद शाळांच्या पोरांना घेऊन गडांवर जातो, राजगड, तोरणा, पन्हाळा, आणि हातात नकाशा देऊन तुम्हीच वाट काढा म्हणतो. त्यातली एक मुलगी आता उत्तरकाशीला जाऊन गिर्यारोहणाचा कोर्स करून आली. ती सरांचीच विद्यार्थिनी आहे असं मी मानतो, तिनं त्यांना बघितलं नसलं तरी.

1965 ला सरांना पद्मश्री मिळाली तेव्हा मी शाळेतच होतो आणि आमची छाती अशी फुगली होती की जणू आम्हालाच मिळाली. लग्न त्यांनी केलं नाही. 1969 ला रिटायर झाले, बाकी इंग्रज परत गेले तसे तेही जातील असं लोकांना वाटायचं, पण ते अजमेरलाच राहिले आणि 1994 ला अजमेरलाच गेले.

आता बोर्डिंग स्कूलांचं सगळंच बदललंय. माझ्या नातेवाइकांची मुलं अशा शाळांमध्ये आहेत, फी ऐकून धडकी भरते, रोज व्हिडिओ कॉल, आईबाप लांबून पोरानं काय खाल्लं ते विचारतात. सोय चांगली आहे, नाही कशाला म्हणू, पण पोरगं एकटं पायरीवर उभं राहिलं तर त्याच्या शेजारी जाऊन बसायला वेळ कुणाला आहे? प्रिन्सिपल लोक आता अ‍ॅडमिशन, रँकिंग आणि मीटिंगमध्ये एवढे अडकलेत की मला त्यांची कीव येते. 

एक विनंती करून थांबतो. सर फार पत्रं लिहायचे. मी इंजिनियरिंगला असताना, नंतर साइटवर असताना, माझ्या प्रत्येक पत्राला त्यांचं उत्तर आलेलं आहे. ती सगळी पत्रं आणि तो राजवाडा काढलेला कागद, जो त्यांनी मी शाळा सोडताना परत दिला, हे सगळं मी झालावार हाउसमधल्या आपल्या म्युझियमला देतोय. माझ्यासारखे अजून पुष्कळ जण असणार. पत्रं घरात कुठल्यातरी ट्रंकेत असतील, मुलं-सुना रद्दीत घालायच्या आत काढा, आणि कमिटीकडे पाठवा. झेरॉक्स पाठवली तरी चालेल, पण अस्सल पाठवलीत तर जास्त बरं.