फॉर्मवर नसलेली आई

किडनी बायॉप्सीसोबत येणाऱ्या फॉर्मवर बहुतेकदा एकच ओळ असते. ‘डायबेटिस, लघवीतून प्रोटीन.’ बाकी आम्ही पॅथॉलॉजिस्टनी ओळखायचं. सुईने काढलेला तुकडा शेवईच्या तुकड्याएवढा, तो तीन बाटल्यांत विभागायचा. त्यातली इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीची ग्लुटराल्डिहाइडची बाटली डायबेटिसच्या पेशंटची हमखास येत नाही. खर्च कशाला वाढवा, डायबेटिसच तर आहे! या वेळी तिकडच्या रेसिडेंट मुलीने ती आपणहून भरून पाठवली, तिला शंभर मार्क.

बाई तिशीतली, बारीक. स्लाइडवर डायबेटिसच्या ओळखीच्या गाठी कुठेच दिसेनात. किडनीतल्या काही गाळण्यांच्या एकेका कोपऱ्यात फक्त व्रण. कोडं सुटेना. रिपोर्ट कधी मिळणार म्हणून मंचरहून भाऊ तिला घेऊन आला, तेव्हा काउंटरवर तो तिच्या कानाशी जाऊन ओरडून बोलत होता.

“कधीपासून ऐकू कमी येतं?”

“आईवर गेलीय मॅडम. तिलाही साखर होती, कानही गेलेले. मामाचं पण तेच.”

पुढे इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीचे फोटो आले. पोडोसाइटमध्ये, म्हणजे गाळणीच्या पेशीत, मायटोकॉन्ड्रियांची, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या घटकांची दाटी, आकार वेडेवाकडे, आतल्या घड्या मोडलेल्या. नेहमीच्या डायबेटिसमध्येही किडनीतले मायटोकॉन्ड्रिया बिघडतात. दिवसाला सुमारे १८० लिटर गाळलं जातं, त्यातलं जवळपास सगळं परत ओढून घेणाऱ्या नलिका त्यांच्याच जिवावर चालतात. पण तिथे आधी साखर वाढते. इथे मूळ दुखणंच मायटोकॉन्ड्रियात, आणि त्यातून साखर, कान, किडनी सगळंच. मायटोकॉन्ड्रियांच्या डीएनएतला ३२४३ क्रमांकाच्या जागेवरचा बदल, १९९२ साली डायबेटिस आणि बहिरेपणाशी जोडला गेलेला, फक्त आईकडून येणारा. तपासणीला रक्ताऐवजी लघवी मागितली, कारण रक्तातलं त्याचं प्रमाण वयाबरोबर घटत जातं. तो बदल सापडला.

साखरेची गोळी मेटफॉर्मिन चालू होती. या आजारात लॅक्टिक ॲसिड वाढायची भीती, म्हणून मी स्वतः फिजिशियनना फोन केला. “शेवटी नेफ्रोपॅथीच ना, डायबेटिसने बिघडलेली किडनी?” असं उत्तर मिळालं. गोळी बदलली, पण चार दिवसांनी.

भावाने विचारलं, “मग मला?” असू शकतो, पण तुमच्या मुलांना तुमच्याकडून जाणार नाही, म्हटलं. तो सुटल्यासारखा हसला आणि लगेच बहिणीकडे बघून गप्प झाला. तिला दोन मुली आहेत, दोघी शाळेत.

नेफ्रॉलॉजिस्टचं, म्हणजे किडनीच्या डॉक्टरांचं म्हणणं, मुलींची जनुकीय तपासणी आत्ताच करा. मला ते पटत नाही. बिघडलेल्या मायटोकॉन्ड्रियांचा वाटा प्रत्येकीत वेगळा, आजार होईल का आणि कधी, ते रिपोर्ट सांगत नाही. मी म्हणते, दरवर्षी साखर, लघवी आणि कान तपासा. आमचं अजून एकमत नाही. कानांची तपासणी तेवढी दोघांनाही मान्य आहे.