उंदरांवरच्या प्रयोगाची मंजुरी आणि 'मादी कशाला?' – माझा अनुभव

उंदरांवर व्हॅसोप्रेसिन रिसेप्टरचं (मेंदूत व्हॅसोप्रेसिन या हार्मोनचा संदेश पकडणाऱ्या प्रथिनाचं) काम करायचं तर आधी आयएईसीची, म्हणजे संस्थेच्या प्राणी-नैतिकता समितीची मंजुरी लागते. माझी फाईल जिथे अडकली त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून लिहितेय. फॉर्म बी (म्हणजे मंजुरीचा अर्ज), गाईड मॅडमची सही, अ‍ॅनिमल हाऊसची कागदपत्रं सगळं पटकन झालं.

अडलं ते मादी उंदरांवर. एक मेंबर म्हणाले, फक्त नर घ्या, संख्या निम्मी होईल. उंदीर कमीत कमी वापरावेत हे मलाही मनापासून पटतं, पण माझा प्रश्नच नर-मादीतल्या फरकाचा होता! २००४ मध्ये व्ही-वन-ए या व्हॅसोप्रेसिन रिसेप्टरचा जीन काढलेल्या नर उंदरांवरचं काम आलं, त्यात ते नर कमी घाबरट निघाले, प्लस मेझच्या (भीती मोजायच्या, अधिक चिन्हासारख्या उंच मार्गिकेच्या) उघड्या पट्ट्यांवर जास्त वेळ फिरले, आणि ओळखीचा उंदीर परत समोर आणला तरी नव्यासारखाच हुंगत बसले. साधा उंदीर दुसऱ्या भेटीत थोडंसं हुंगतो आणि सोडून देतो. पुढच्या वर्षी तसाच जीन काढलेल्या माद्यांवरचं काम आलं, आणि त्यांच्यात असा काही बदल दिसलाच नाही. मग माद्या वगळून मी शोधणार काय होते? हे सगळं मी अर्जात लिहिलं होतं हो, तरी शेरा तोच, 'संख्येचं समर्थन द्या'.

उत्तर लगेच दिलं, पण पुढची मीटिंग होईचना. प्राण्यांवरच्या प्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सरकारी समितीचा नॉमिनी, म्हणजे प्रतिनिधी, हजर नसेल तर मीटिंगच होत नाही, आणि तारीख ठरायची, आदल्या दिवशी रद्द व्हायची. मला सगळ्यात जास्त चीड आली ती याची. नॉमिनी असावा, नक्की असावा, पण तारखा वर्षाच्या सुरुवातीलाच पक्क्या करायला काय हरकत आहे? तोवर आमच्या अ‍ॅनिमल हाऊसमधल्या कॉलनीतले उंदीर ठरलेल्या वयाच्या पुढे गेले, आणि मंजुरी नसताना त्यांना साधं प्लस मेझवरही ठेवता येत नाही.

शेवटी पॉवर अ‍ॅनालिसिसचं, म्हणजे किमान किती उंदीर लागतील याचं, गणित नर आणि मादी वेगवेगळं मांडून दिलं, सोबत ते दोन्ही पेपर जोडले, तेव्हा पास झालं. त्या दिवशी खरंच खूप हलकं वाटलं. तर नर-मादी दोन्ही घेत असाल तर हे गणित पहिल्याच अर्जात द्या.

'पेशींवर का नाही करत' हा प्रश्नही येतोच, तेव्हा सरळ लिहा की रिसेप्टर पेशीत तपासता येतो पण ओळख आणि भीती डिशमध्ये दिसत नाही.

अजून एक, रिफाइनमेंटच्या (प्राण्यांचा त्रास कमी कसा करणार याच्या) रकान्यात उंदीर शेपटीने न उचलता नळीतून किंवा ओंजळीत उचलणार हे लिहा. त्याने उंदरांची भीती कमी होते हे २०१० मध्ये दाखवलं गेलंय, आणि भीतीच मोजायची असेल तर हे फारच महत्त्वाचं. मी तसंच करते, आता पिंजरा उघडला की बरेच उंदीर स्वतःहून नळीत येतात.

आणि हो, औषधाच्या डोसची रेंज सुरुवातीलाच लिहून ठेवा, नाहीतर नंतर डोस बदलायचा झाला तर अमेंडमेंट (मंजूर अर्जात बदल), म्हणजे परत तीच मीटिंग.