इव्हाब्रॅडिन घेताना: नाडी, जेवण आणि बाकीच्या गोळ्या

मला इव्हाब्रॅडिन ही नाडी मंद करणारी गोळी सुरू झाली ती हार्ट फेल्युअरसाठी (हृदयाला पुरेसं रक्त पंप करता न येणं), नाडी आणि रक्तदाब उतरवणाऱ्या बीटा ब्लॉकरच्या जोडीला. बीटा ब्लॉकरचा डोस सोसेल तितका वाढवून झाला होता, तरी बसल्या जागी नाडी सत्तरच्या वरच राहत होती. ही गोळी साधारण अशाच वेळी देतात: हृदयाचं पंपिंग कमी झालेलं (इजेक्शन फ्रॅक्शन ३५ टक्के किंवा त्याखाली), ईसीजीत ठोक्यांची लय नियमित, आणि विश्रांतीतली नाडी ७० किंवा त्याहून जास्त. काही ठिकाणी ही मर्यादा ७५ धरतात. अंजायनाच्या, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत दुखणाऱ्या, काही रुग्णांनाही ती देतात.

गोळी काम कुठे करते हे समजून घेतलं की पुढची सगळी पथ्यं आपोआप लक्षात राहतात. हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यात सायनस नोड नावाचा पेशींचा छोटा पुंजका असतो. प्रत्येक ठोक्याचा इशारा तिथून निघतो. इव्हाब्रॅडिन या पेशींमधला एक विशिष्ट विद्युतप्रवाह मंद करते, त्यामुळे दोन ठोक्यांमधलं अंतर वाढतं. हृदयाच्या आकुंचनाचा जोर ती कमी करत नाही आणि रक्तदाबही फारसा उतरवत नाही. रक्तदाब मुळातच कमी असल्यामुळे ज्यांचा बीटा ब्लॉकर आणखी वाढवता येत नाही, त्यांना तिचा उपयोग होतो तो म्हणूनच.

नाडी जितकी कमी तितकं बरं, असं मात्र अजिबात नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या शिफ्ट चाचणीत हार्ट फेल्युअरचे साडेसहा हजारांहून जास्त रुग्ण होते. हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट फेल्युअरमुळे दवाखान्यात भरती होणं, या दोन्हींचं मिळून प्रमाण गोळी घेणाऱ्यांत १८ टक्क्यांनी कमी आढळलं. पण २०१४ सालच्या सिग्निफाय चाचणीत, हार्ट फेल्युअर नसलेल्या कोरोनरी आजाराच्या (हृदयाच्या रक्तवाहिन्या अरुंद झालेल्या) रुग्णांना ही गोळी मोठ्या डोसने, दिवसातून दोनदा १० मिलिग्रॅमपर्यंत दिली, तेव्हा फायदा दिसला नाही. ज्यांना अंजायनाचा त्रास जास्त होता त्यांच्यात तर उलट नुकसान दिसलं. म्हणून आज कमाल डोस ७.५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा एवढाच आहे. नाडी अजून थोडी उतरावी म्हणून स्वतःच्या मनाने जादा अर्धी गोळी घ्यायचा मोह कुणाला होत असेल, तर तो इथेच सोडावा.

सुरुवात बहुतेकांची ५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ अशी होते. पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांना किंवा ठोक्याचा इशारा पुढे पोचायला अडथळा असणाऱ्यांना २.५ पासून. साधारण दोन आठवड्यांनी डॉक्टर विश्रांतीतली नाडी पाहून ठरवतात: ६० च्या वर असेल तर ७.५, ५० ते ६० मध्ये असेल तर आहे तोच डोस, आणि ५० च्या खाली किंवा चक्कर-थकवा असेल तर २.५ वर उतरवायचा. २.५ वरही नाडी पन्नाशीच्या खालीच राहिली तर गोळी बंद होते. हे आकडे डॉक्टरांसाठी आहेत, आपण घरी डोस बदलण्यासाठी नाहीत. पण ते माहीत असले की आपली वही डॉक्टरांसमोर ठेवताना बोलणं नेमकं होतं.

गोळी जेवणासोबत घ्यायची. पोटात अन्न असलं की औषध रक्तात उतरायला सुमारे तासभर उशीर लागतो, पण २० ते ४० टक्के जास्त उतरतं. कधी उपाशीपोटी, कधी भरल्या पोटी घेतली तर रोजचा परिणाम वेगळा होतो, आणि मग वहीतल्या आकड्यांचा अर्थच लागत नाही. मी ती सकाळच्या आणि रात्रीच्या खाण्याला जोडली आहे. एखादी वेळ चुकली तर ती सोडून द्यायची, पुढची ठरल्या वेळी एकच घ्यायची. गोळी घेतल्यावर उलटी झाली तरी पुन्हा घ्यायची नाही, कारण आधीची किती अंगात गेली हे कळायला मार्ग नसतो.

आता नाडी मोजण्याबद्दल. हे मी सविस्तर सांगते, कारण डोसचा सगळा निर्णय या एका आकड्यावर उभा असतो आणि तोच सर्रास चुकीचा घेतला जातो. सकाळची गोळी घेण्याआधी, चहा-कॉफीच्याही आधी, पाठ टेकून पाच मिनिटं शांत बसायचं. तळहात वर करून हात मांडीवर किंवा टेबलावर ठेवायचा. अंगठ्याच्या बुडाशी, मनगटाच्या बाहेरच्या कडेला हाड लागतं. त्याच्या किंचित आतल्या बाजूला तर्जनी आणि मधलं बोट हलकेच टेकवायचं. अंगठ्याने मोजू नये, त्याची स्वतःची धडधड जाणवते. फार दाबलं तर रक्तवाहिनी दबते आणि ठोका हरवतो, म्हणून आधी थोडं दाबून मग बोटं हळूहळू सैल करत आणायची. ठोका स्पष्ट लागला की घड्याळ लावून पूर्ण एक मिनिट मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं तर एका ठोक्याची चूक चार ठोक्यांची होते, आणि ४८ की ५२ हाच प्रश्न असेल तेव्हा तेवढी चूक परवडत नाही.

मोजताना आकड्याइतकंच लयीकडे लक्ष ठेवायचं. मध्येच एखादा ठोका गाळल्यासारखा वाटणं पुष्कळांना होतं. तो बहुधा वेळेआधी पडलेला अशक्त ठोका असतो, मनगटापर्यंत पोचत नाही. असे ठोके बरेच असतील तर मनगटावर ४५ मोजले जातात आणि हृदय प्रत्यक्षात ६० वर चाललेलं असतं. बोटाला लावायचं यंत्र आणि रक्तदाबाचं मशीनसुद्धा अशा वेळी फसतं. म्हणून आकडा अचानक फार कमी आला आणि अंगात काहीच वाटत नसेल, तर दहा मिनिटांनी पुन्हा मोजायचं आणि तरीही तसाच आला तर ईसीजी काढायचा. याउलट, ठोक्यांना काही धरबंधच उरला नाही, लहान-मोठे, मागेपुढे असे पडू लागले, तर त्याच दिवशी दाखवायला हवं. ते एट्रियल फिब्रिलेशन असू शकतं. ही गोळी घेणाऱ्यांत त्याचं प्रमाण थोडं वाढतं. शिवाय त्या स्थितीत ठोक्याचं नेतृत्व सायनस नोडकडे राहतच नाही, त्यामुळे इव्हाब्रॅडिनचा उपयोगही होत नाही.

वहीत मी तारीख, नाडी, लय नियमित की नाही, सकाळचं वजन, आणि चक्कर किंवा धाप लागली असेल तर एक शब्द, एवढंच लिहिते. मनगटी घड्याळ रात्री झोपेतला कमी आकडा दाखवतं, त्याने घाबरून जाऊ नये. झोपेत नाडी उतरतेच. डोसचा निर्णय जागेपणीच्या, बसून मोजलेल्या नाडीवर होतो. एक गोष्ट पहिल्याच भेटीत विचारून कागदावर लिहून घ्यावी: नाडी किती आली तर गोळी घ्यायची नाही आणि फोन करायचा? हा आकडा प्रत्येकाचा वेगळा असू शकतो. शुद्ध हरपणं, उभं राहताच डोळ्यांसमोर अंधारी येऊन पडायला होणं, छातीत दुखणं किंवा बसल्या जागी धाप लागणं, यासाठी मात्र कुठल्या आकड्याची वाट पाहायची नाही. सरळ तातडीच्या उपचारांसाठी निघायचं.

डोळ्यांसमोरच्या प्रकाशाबद्दल आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस हादरतो. अंधारातून उजेडात आलं, दिवा लावला, समोरून गाडीचा झोत आला, की नजरेच्या एखाद्या भागात थोडा वेळ लख्ख प्रकाश दिसतो. कधी दिव्याभोवती वलय, कधी रंगीत तुकडे, कधी वस्तूची प्रतिमा मागे रेंगाळते. डोळ्याच्या पडद्यातही सायनस नोडसारखाच प्रवाह असतो आणि गोळी त्यालाही थोडी अडवते. हा परिणाम सुमारे सातजणांत एकाला जाणवतो, बहुतेकदा पहिल्या दोन महिन्यांत सुरू होतो, आणि पुष्कळांचा गोळी चालू असतानाच ओसरतो. तो नेमका किती आणि कधी होतो हे कळेपर्यंत रात्री गाडी चालवू नये. पडद्याचा जुना आजार, विशेषतः रेटिनायटिस पिगमेंटोसा असेल, तर तो गोळी सुरू होण्याआधीच सांगायला हवा. आणि नजर अधू झाली, पडदा पडल्यासारखं झालं, तर त्याला गोळीचा नेहमीचा परिणाम समजू नये. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवावं.

सगळ्यात मोठा धोका मला वाटतो तो दुसऱ्या औषधांचा. यकृतातलं सीवायपी३ए४ नावाचं एन्झाइम इव्हाब्रॅडिन मोडतं. ते बंद पाडणारं औषध सोबत गेलं तर तोच ५ मिलिग्रॅमचा डोस अंगात कितीतरी पट होतो. क्लॅरिथ्रोमायसिन, तोंडाने घ्यायचं एरिथ्रोमायसिन, बुरशीवरच्या केटोकोनॅझोल आणि इट्राकोनॅझोल या गोळ्या, एचआयव्हीवरची रिटोनावीरसारखी औषधं हिच्यासोबत चालत नाहीत. डिल्टियाझेम आणि व्हेरापामिल तर दोन्हीकडून घात करतात: एन्झाइम अडवतात आणि स्वतःही नाडी उतरवतात. ग्रेपफ्रूटचा रस टाळायचा, त्याने औषधाचं रक्तातलं प्रमाण दुपटीवर जातं. मनःस्वास्थ्यासाठी विकली जाणारी सेंट जॉन्स वॉर्ट ही वनस्पती उलटं करते, औषधाचा परिणाम निम्म्यावर आणते. खोकला, दाढदुखी, नायटा, कशासाठीही डॉक्टरांकडे गेलं तरी मी सगळ्या औषधांची यादी आधी पुढे करते, कारण यातली बरीच औषधं हृदयाचे डॉक्टर लिहीत नाहीत, बाकीचे लिहितात.

पाकिटावरच्या मोठ्या नावापेक्षा खालची बारीक अक्षरं वाचावीत. हीच गोळी वेगवेगळ्या नावांनी येते, आणि मेटोप्रोलॉल किंवा कार्व्हेडिलॉल या बीटा ब्लॉकरसोबत एकत्र करूनही मिळते. दवाखान्यातून घरी येताना नवं नाव हातात पडतं, घरात जुनं पाकीट असतंच, आणि दोन्ही चालू राहतात. नवं पाकीट उघडण्याआधी घटक आणि मिलिग्रॅम जुन्याशी ताडून पाहायचे, जुनं चालू ठेवायचं की बंद करायचं हे विचारून घ्यायचं.

जुलाब-उलट्यांचे दिवस वेगळे धरावेत. पाणी जातं, पोटॅशियम जातं, त्यात लघवीची गोळी चालू असेल तर आणखी जातं. पोटॅशियम कमी आणि नाडीही मंद, या जोडीने हृदयाची घातक लय सुरू होऊ शकते. अशा वेळी डॉक्टरांना लगेच कळवून लघवीच्या गोळीचं काय करायचं ते विचारायचं आणि रक्ततपासणी करून घ्यायची. ताप आला तर नाडी चढते. ती ताप उतरल्यावर उतरते, त्यासाठी जादा गोळी नको.

जोडीचा बीटा ब्लॉकर कधीही एका दमात बंद करू नये. काही दिवसांत नाडी आणि अंजायना उसळी मारू शकतात. तो एक-दोन आठवड्यांत टप्प्याटप्प्याने उतरवतात. दीर्घकाळ विरघळणारी मेटोप्रोलॉलची गोळी चावू किंवा कुटू नये, नाहीतर दिवसभराचं औषध एकदम सुटतं. मधुमेहींनी ध्यानात ठेवावं की बीटा ब्लॉकरमुळे साखर उतरल्याची धडधड जाणवत नाही. घाम मात्र सुटतो, त्यावरून ओळखायचं. आणि व्यायामात कमाल नाडीचं २२० वजा वय हे सूत्र या गोळ्यांवर असताना उपयोगाचं नाही. चालताना पूर्ण वाक्य बोलता आलं पाहिजे, एवढी गती ठेवायची.

गरोदरपणात आणि अंगावर पाजताना इव्हाब्रॅडिन चालत नाही. मूल होण्याची शक्यता असेल तर संततिनियमन ठरवूनच ती सुरू करतात. लय सरळ करण्यासाठी विजेचा झटका द्यायचं आधीपासून ठरलं असेल, तर शेवटच्या गोळीनंतर २४ तास थांबतात. त्यामुळे शेवटची गोळी कधी घेतली ती वेळ लिहून ठेवावी आणि भरती होताना पाकीट सोबत न्यावं.