तैपेईविरुद्धचा न झालेला सामना

२३ जानेवारी २०२२, रविवार. दुपारी दोनला केपटाउनमध्ये भारत-दक्षिण आफ्रिका तिसरा एकदिवसीय सामना सुरू झाला होता. लखनऊला सय्यद मोदी बॅडमिंटन स्पर्धेच्या अंतिम फेरीत पी. व्ही. सिंधूसमोर नागपूरची मालविका बनसोड उभी होती. आणि संध्याकाळी साडेसातला नेरुळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर महिला फुटबॉलच्या आशियाई चषकात भारत विरुद्ध चायनीज तैपेई, म्हणजे तैवानचा संघ. ओमायक्रॉनच्या लाटेमुळे निम्मा डेस्क घरून काम करत होता. ऑफिसात क्रीडा संपादक, मी, एक नवा मुलगा आणि पानं लावणारा ऑपरेटर, एवढेच.

फुटबॉलचं अर्धं पान माझ्याकडे होतं आणि ते मी हट्टाने मागून घेतलं होतं. तीन दिवसांपूर्वी इराणविरुद्ध आपला सामना गोलशून्य बरोबरीत सुटला होता. प्रेक्षकांविना, रिकाम्या स्टेडियममध्ये. चेंडू बहुतेक वेळ आपल्याकडे होता, संधीही आपल्याच जास्त होत्या. शेवटी शेवटी डांगमेई ग्रेसचा हेडर इराणची गोलरक्षक झोहरे कुदाईने अडवला नसता तर तीन गुण आपले होते. संपादकांचं म्हणणं असं की बरोबरीनंतर अर्धं पान कशाला, चार कॉलम पुरे. मी त्यांना गणित मांडून दाखवलं. बारा संघ, तीन गट. तैपेईला हरवलं की उपांत्यपूर्व फेरी जवळपास हातात. आणि तिथला एक विजय म्हणजे २०२३ च्या विश्वचषकाचं थेट तिकीट. भारताचा महिला संघ विश्वचषकापासून इतक्या कमी अंतरावर माझ्या तरी नोकरीच्या काळात कधीच आला नव्हता.

दुसरं कारण तैपेईच होतं. महिला फुटबॉलची ही आशियाई स्पर्धा भारतात याआधी एकदाच झाली होती, कोझिकोडला. नोंदीत तिला १९७९ ची स्पर्धा म्हणतात, प्रत्यक्षात ती खेळली गेली जानेवारी १९८० मध्ये. यजमान म्हणून आपण दोन संघ उतरवले, एक उत्तरेचा आणि एक दक्षिणेचा. त्यातला दक्षिणेचा संघ थेट अंतिम सामन्यात पोचला आणि ०-२ ने हरला. समोर होतं चायनीज तैपेई. बेचाळीस वर्षांनी, पुन्हा जानेवारीत, पुन्हा भारताच्याच मैदानावर तोच प्रतिस्पर्धी. यावर अर्धं पान नाही लावायचं तर कशावर लावायचं?

त्या अंतिम सामन्याचं काही सापडतं का म्हणून आदल्या आठवड्यात मी आमच्या कात्रणांच्या खोलीत बसले होते. भारत-पाकिस्तान कसोटी मालिकेच्या बातम्यांच्या गठ्ठ्यात, पानाच्या तळाशी, एका कॉलमात चार ओळी मिळाल्या. शहर, निकाल, प्रतिस्पर्ध्याचं नाव. आपल्या बाजूने कोण खेळलं, गोलरक्षक कोण होती, प्रशिक्षक कोण, काही नाही. आशियात दुसऱ्या आलेल्या संघातल्या एकाही मुलीचं नाव त्या चार ओळींत नव्हतं. कागद इतका ठिसूळ झाला होता की फोटो काढताना कोपरा माझ्या बोटाला चिकटून आला.

हे एकट्या आमच्या वर्तमानपत्राचं नाही. भारतीय महिला संघाच्या पहिल्या दीड दशकाची अवस्थाच तशी आहे. १९७५ मध्ये भारतीय महिला फुटबॉल महासंघ स्थापन झाला तो अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या बाहेर. पुरुषांचं फुटबॉल ज्यांच्या हातात होतं त्यांनी मुलींना बरीच वर्षं आपलं मानलंच नाही; कारभार त्यांच्याकडे आला नव्वदच्या दशकात. तोपर्यंत आशियात एक तिसरा आणि दोन दुसरे क्रमांक होऊन गेले होते. १९८१ मध्ये हाँगकाँगला तिसरे, १९८३ मध्ये थायलंडमध्ये पुन्हा अंतिम फेरी आणि यजमानांकडून ०-३ असा पराभव. त्याच वर्षी बंगालच्या शांती मलिकना अर्जुन पुरस्कार मिळाला. महिला फुटबॉलपटूला मिळालेला तो पहिला. दुसरा मिळाला २०१७ मध्ये, मणिपूरच्या ओइनम बेमबेम देवींना. मधली चौतीस वर्षं नुसती मोजली तरी या खेळाकडे आपण कसं पाहिलं ते कळतं.

पानासाठी मी मुंबईतल्या एका ज्येष्ठ खेळाडूशी बोलत होते. ऐंशीच्या दशकात त्या महाराष्ट्राकडून राष्ट्रीय स्पर्धा खेळल्या होत्या, भारतीय संघातल्या मुलींशी मैदानात भिडल्या होत्या. नाव द्यायचं नाही ही त्यांची अट, म्हणून इथेही ताईच म्हणते. त्यांच्या बोलण्यात रडगाणं नव्हतं. बूट मुलांच्या मापाचे, पुढे कापूस कोंबायचा. मुक्काम शाळेच्या वर्गात, बाकं जोडून. जर्सीवरचे आकडे आईने मशीनवर शिवून दिलेले. हे सगळं त्यांनी भराभर सांगून टाकलं आणि मग बंगालच्या मुली चेंडू कसा थांबवायच्या यावर पंधरा मिनिटं बोलल्या. छातीवर घेऊन, अर्धं वळून, पुढच्या पावलात पास. "आम्ही अजून चेंडूकडे बघतोय तोवर त्या गोलपोस्टपाशी," असं म्हणताना त्यांचा आवाज बदलला होता. माझा मजकूर त्या पंधरा मिनिटांवरच उभा राहिला.

संध्याकाळी सहापर्यंत पान तयार होतं. वर सामन्याच्या बातमीची जागा मोकळी, खाली इतिहासाचा मजकूर, उजवीकडे संघाची चौकट. त्या चौकटीत मनीषा कल्याण ठळक होती. दोनच महिने आधी, नोव्हेंबर २०२१ मध्ये मनाउसला ब्राझीलविरुद्ध, त्यांच्या दिग्गज फोर्मिगाच्या निरोपाच्या सामन्यात तिने गोल केला होता. आपण १-६ ने हरलो, पण आठव्या मिनिटाला १-१ होतं आणि ते एक तिच्या पायातून आलेलं होतं. अंधेरीच्या मैदानावर दुपारी चीनने इराणला ७-० ने धुतलं होतं, तो निकालही तक्त्यात घातला.

सामन्याआधी अंतिम अकरांची यादी येते, तिची वाट पाहत होते. आली नाही. स्टेडियमवर गेलेल्या आमच्या बातमीदाराला फोन लावला. तो म्हणाला, "इथे कुणी काही बोलत नाहीये, पण काहीतरी गडबड आहे." आपल्या संघातल्या दोघी आधीच कोरोना पॉझिटिव्ह असल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मी ऑपरेटरला म्हटलं, थांबू या. त्याने सिंधूचं पान घेतलं. सिंधू २१-१३, २१-१६ अशी जिंकली होती, पण आमच्या विदर्भ आवृत्तीत फोटो मालविकाचा जाणार होता.

मग आशियाई फुटबॉल महासंघाचं निवेदन आलं. भारताला किमान तेरा खेळाडूंची यादी देता आली नाही, सामना होणार नाही.

मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. कोरोनाकाळातल्या त्या नियमाचा अर्थ मला पाठ होता. तेरा जणी उभ्या राहिल्या तर खेळावंच लागतं. बाराच उरल्या तर संघ स्पर्धेतून माघारी गेल्याचं धरलं जातं. दुसरी तारीख नाही, पुढे ढकलणं नाही. म्हणजे एक सामना गेला नव्हता, स्पर्धा गेली होती आणि तिच्याबरोबर विश्वचषकाची वाटही. एकही सामना न हरता. कर्णधार आशालता देवीचा संघ त्या वेळी हॉटेलच्या खोल्यांत एकेकटा बंद होता.

नवा मुलगा माझ्या तोंडाकडे बघत होता. संपादक आले, निवेदन वाचलं आणि म्हणाले, "वाईट झालं गं. पण आता इतिहास कशाला? तो काढ, बातमी दोन कॉलम कर, सिंधू मोठी कर." त्यांची बाजू मला कळत होती. केपटाउनचा सामना रंगात आला होता, दीपक चहर मारत सुटला होता, पानं अडली होती. डाक आवृत्तीला फारसा वेळ नव्हता.

मी कात्रणाचा फोटो त्यांच्यापुढे धरला. म्हटलं, सर, ऐंशी साली आपण असंच केलं. चार ओळी लावल्या आणि मोकळे झालो. आज या मुलींचा सामना झाला नाही म्हणून त्यांचं पानही काढलं, तर चाळीस वर्षांनी इथे कुणी शोधायला बसेल तेव्हा त्याला काय मिळेल? निकालच नसेल तर निदान हा संघ कोण होता, कुठून आला होता, काय हुकलं, एवढं तरी छापलेलं हवं. मी एरवी डेस्कवर आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढला. ते क्षणभर गप्प राहिले, मग घड्याळाकडे बघून म्हणाले, "वीस मिनिटं देतो."

ताईंना फोन केला. त्यांनी टीव्ही लावून ठेवला होता आणि पडद्यावर काय चाललंय ते त्यांना कळत नव्हतं. मी सांगितलं. बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "अगं, हरल्या असत्या तरी चाललं असतं. हरणं आम्हाला ठाऊक आहे. उतरूच दिलं नाही याचं काय करायचं?" हे वाक्य मी जसंच्या तसं मजकुराच्या वर घेतलं.

वीस मिनिटांत जे लिहिलं त्यात पूर्वीच्या मजकुराचा क्रम बदलावा लागला. आधी कोझिकोड सुरुवातीला होतं, ते खाली गेलं. वर आलं ते या संघाचं पुन्हापुन्हा उभं राहणं. २००९ मध्ये दीड वर्षाहून जास्त काळ एकही आंतरराष्ट्रीय सामना न मिळाल्याने फिफाच्या क्रमवारीतून भारताचं नावच निघालं होतं. मुली काही खेळायच्या थांबल्या नव्हत्या, त्यांना सामने दिले जात नव्हते. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, याच संघाने कॉक्स बाजारला पहिला सॅफ चषक, म्हणजे दक्षिण आशियाई देशांची स्पर्धा, जिंकला. मग कोलंबो, इस्लामाबाद, सिलिगुडी, बिराटनगर, असे ओळीने पाच. बेमबेम देवी १९९५ पासून २०१६ पर्यंत खेळल्या आणि शिलाँगच्या दक्षिण आशियाई स्पर्धेतलं सुवर्ण गळ्यात घालून थांबल्या. एवढी मोठी कारकीर्द, पण त्यांच्या ऐन उमेदीच्या काळातल्या किती सामन्यांचं चित्रीकरण तरी उपलब्ध आहे? अदिती चौहान इंग्लंडच्या वेस्ट हॅम क्लबकडून खेळली, बाला देवी स्कॉटलंडच्या रेंजर्सकडे गेली, तेव्हा कुठे बातम्या मोठ्या झाल्या.

पान गेलं. केपटाउनला आपण चार धावांनी हरलो आणि मुख्य बातमी तीच झाली, त्याबद्दल माझी तक्रार नाही. खालचं अर्धं पान फुटबॉलचं राहिलं.

दुसऱ्या दिवसाचं काम मला जास्त जड गेलं. आशियाई महासंघाने अधिकृतपणे कळवलं की भारत स्पर्धेबाहेर, आणि त्याच्या आधीच्या सामन्याचा निकालही धरला जाणार नाही. म्हणजे इराणविरुद्धची बरोबरीही गेली. नव्वद मिनिटं मुली धावल्या होत्या, ग्रेसने तो हेडर मारला होता, आणि तक्त्यात त्याची नोंद उरणार नव्हती. ऑपरेटरने 'अ' गटाच्या तक्त्यातली भारताची ओळ निवडली आणि माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली, त्याने ओळ काढली. इराणच्या खात्यातला एक गुणही गेला. मी तक्त्याखाली बारीक टाइपात एक टीप घातली: २० जानेवारीला भारत-इराण सामना ०-० असा संपला होता, नियमानुसार तो ग्राह्य धरलेला नाही. संपादकांनी ती टीप ठेवली. पुढे प्रशिक्षक थॉमस डेनर्बींनी बायो-बबलच्या, म्हणजे संघाला बाहेरच्यांपासून वेगळं ठेवण्याच्या, व्यवस्थेवर उघड नाराजी व्यक्त केली, त्याची बातमी दिली. अंतिम सामना त्याच नेरुळच्या मैदानावर झाला. चीनने दोन गोलांची पिछाडी भरून काढून कोरियाला ३-२ ने हरवलं. सामना अप्रतिम होता. तो लिहिताना मात्र सारखं वाटत होतं की या स्पर्धेत आपलं कुणीच नव्हतं असं कागदावर दिसणार आहे.

नंतरची साडेतीन वर्षं हा संघ चढ-उतारातच होता. २०२२ मध्ये सॅफचा चषकही हातून गेला, आपण नेपाळकडून उपांत्य फेरीत हरलो. म्हणून २०२५ च्या जूनमध्ये आशियाई चषकाच्या पात्रता फेरीसाठी मुली चियांग माईला गेल्या तेव्हा डेस्कवर फार कुणी आशा धरून नव्हतं. मंगोलियाला १३-०, तिमोर-लेस्तेला ४-०, इराकला ५-०. शेवटचा सामना ५ जुलैला, यजमान थायलंडशी. ज्या देशाकडून १९८३ ची अंतिम लढत हरलो, जो दोन विश्वचषक खेळून आला होता आणि क्रमवारीत आपल्या बराच वर होता, तो देश. संगीता बासफोरने पहिल्या सत्रात गोल केला, थायलंडने दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच फेडला, आणि ७४ व्या मिनिटाला पुन्हा संगीता. २-१. पात्रता फेरी जिंकून आशियाई चषकात जाण्याची भारतीय महिला संघाची ही पहिलीच वेळ. तेव्हाचे प्रशिक्षक क्रिस्पिन छेत्री, आपलेच.

ताईंचा फोन शेवटची शिट्टी वाजल्याबरोबर आला. अभिनंदन वगैरे नाही, थेट विचारलं, "किती जागा मिळालीय?" मी म्हटलं, पहिल्या पानावर बातमी आहे, आत पाव पान. "मग आत सगळ्यांची नावं दे. खेळलेल्या, बाकावरच्या, सगळ्या."

दिली. प्रत्येकीचं राज्यही दिलं.