तुम्ही विचारलंत म्हणून: इंदूरला कुठे आलाय समुद्र?

लग्नकार्यात, शाळेच्या फाटकाशी, मराठी मंडळाच्या कार्यक्रमात हा प्रश्न हमखास येतो. मुलगी दुसरीत, मुलगा बालवाडीत, घर सुदामानगरात, आणि आमच्याकडे गप्पा समुद्र वाचवण्याच्या. मुंबईचा समुद्र बघायचा तरी गाडीत रात्र काढावी लागते. मग तुमचा त्याच्याशी संबंध काय, असं लोक विचारतात.

संबंध नळापासून सुरू होतो. इंदूर नर्मदेचं पाणी पितं. मंडलेश्वरजवळ जलूदला ते उचलतात आणि पंपांनी विंध्य चढवून शहरात आणतात. नर्मदा स्वतः निघालेली असते भरूचकडे, अरबी समुद्राला मिळायला. पण आमच्या मोरीतून गेलेलं पाणी कान्ह नदीच्या खोऱ्यात उतरतं. कान्ह उज्जैनजवळ शिप्रेला मिळते, शिप्रा चंबळेला, चंबळ यमुनेला, यमुना प्रयागला गंगेला, आणि पुढे बंगालचा उपसागर. पश्चिमेच्या समुद्राकडे चाललेलं पाणी आम्ही वाटेत उचलतो आणि वापरून पूर्वेच्या समुद्राकडे लावून देतो. एका शहराच्या हातात दोन समुद्र! मला तर ही फार मोठी जबाबदारी वाटते.

मुलांना हे नकाशावर दाखवलंच, पण खरं समजलं ते कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांपाशी. पुलावरून खाली बघताना काठाच्या गवतात वेफर्सचं चंदेरी पाकीट अडकलेलं दिसलं. मुलीने विचारलं, "हे कुठपर्यंत जाईल?" म्हटलं, पावसाळ्यात पूर आला तर चंबळेपर्यंतसुद्धा. चंबळेत लांब, निमुळत्या जबड्याच्या सुसरी आहेत हे तिला माहीत होतं. घरी येईपर्यंत तिचे प्रश्न संपले नाहीत, आणि ते समुद्राबद्दल कमी, सुसरींबद्दलच जास्त होते. मला ते आवडलं. लहान मुलांना नाकात नळी अडकलेल्या कासवाचा व्हिडिओ दाखवू नये असं माझं स्पष्ट मत आहे. सहा-सात वर्षांच्या मुलाने त्या भीतीचं करायचं काय? आधी त्या प्राण्याची माया लागू द्यावी.

कचरा वेगळा करणं आम्हाला शिकवावं लागलं नाही, ते शहरानेच शिकवलं. 2017 पासून स्वच्छतेत पहिला नंबर येतोय तो घराघरात ओला-सुका वेगळा होतो म्हणून. पण गाडीत न पोचणारा कचरा असतो, तो बारीक. दुधाच्या पिशवीचा कोपरा घ्या. कापला की तो इवलासा त्रिकोण ओट्यावर पडतो, पाण्याबरोबर सिंकमध्ये जातो आणि कुठल्याच डब्यात सापडत नाही. म्हणून आमच्याकडे कोपरा पूर्ण कापत नाहीत, पिशवीलाच लोंबता ठेवतात. त्याची तपासणी धाकट्याकडे आहे. आजीने चुकून तुकडा पाडला तर तो ओट्याखाली रांगत जाऊन शोधून आणतो.

रंगपंचमीची गेर, म्हणजे इंदूरची रंग उधळत निघणारी मिरवणूक, आम्ही सोडत नाही, सोडणारही नाही. फक्त पाण्याचे फुगे बंद केलेत, कारण फुटलेल्या रबराच्या चिंध्या गल्लीभर पसरतात आणि पहिल्या पावसात नाल्यात जातात. फुग्याच्या प्लास्टिकच्या काड्यांवर तर 1 जुलै 2022 पासून देशभर बंदीच आहे. वाढदिवसाला कुणी आणल्याच तर सांगायला संकोच करू नका.

माशांबद्दलही विचारतात. माझं माहेर रत्नागिरीचं, मासे सोडणं होणार नाही. पण पावसाळ्यात घरात समुद्राचा मासा येत नाही. हे पिलांचे, अंड्यांचे दिवस. पश्चिम किनाऱ्यावर 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंद असते. आमची आजी तर नारळी पौर्णिमेपर्यंत थांबायची. मुलंही आता तिच्यासारखी नारळीभाताची वाट बघतात.

शेवटचा प्रश्न पैशांचा असतो: समुद्रासाठी द्यायचे तर कुठे? माझं उत्तर, मुलांना घेऊन वेळासला जा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या मंडणगड तालुक्यातलं हे किनाऱ्यावरचं गाव. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने 2002 च्या सुमारास तिथे ऑलिव्ह रिडले या समुद्री कासवांच्या अंड्यांचं रक्षण सुरू केलं. मादी एका घरट्यात शंभराच्या आसपास अंडी घालते. ती उचलून कुंपणाच्या आत वाळूत पुरतात, आणि साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात. घरट्यावरची टोपली उचलली की खाली तळहातापेक्षा लहान, करडी, वळवळणारी पिल्लं. पाण्यापर्यंतचं अंतर ती स्वतः चालून जातात, उचलून सोडायची नसतात. लाट त्यांना मागे लोटते, ती परत निघतात. आमचा धाकटा प्रत्येकाला ओरडून "जा, जा" म्हणत होता.

फेब्रुवारीच्या शेवटापासून एप्रिलपर्यंत पिल्लं दिसण्याचा काळ, पण निघण्याआधी गावात फोन करून घरटी कधी फुटणार ते विचारा. हॉटेल शोधू नका, गावातल्या घरीच राहा आणि तिथेच जेवा. कासव जगलं तर त्या घरांत चार पैसे येतात, म्हणून गाव घरटी राखतं. आणि मोबाइलचा फ्लॅश बंद ठेवा. पिल्लं उजेडाच्या दिशेने चालतात.